कोण आणि कुठे : ब्राझिलच्या १९७० च्या संघाची घडण

मेक्सिकोत १९७० साली फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारा ब्राझिलचा संघ हा या खेळाच्या इतिहासातील सर्वोत्तम संघ होय, असे मत आजही अनेक जाणकार मांडतात, आणि त्या संघातील अकरा नावे एका दमात म्हणून दाखवणारे रसिक जगभर भेटतात. नावे इतकी तोंडपाठ झाल्यामुळे एक गैरसमज मात्र रूढ झाला आहे, तो असा की, ब्राझिलमध्ये गुणवान खेळाडूंची मुळातच रेलचेल असल्याने हा संघ निवडणे अगदी सोपे होते. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. स्पर्धेला जेमतेम अडीच महिने उरले असताना या संघाच्या प्रशिक्षकाला पदावरून दूर करण्यात आले. संघातील सर्वश्रेष्ठ खेळाडूच्या दृष्टीविषयी जाहीर शंका घेतली गेली. पात्रता फेरीत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आणि आघाडीच्या फळीत कोणाला घ्यावे याविषयी खुद्द राष्ट्राध्यक्षाची आवडनिवड वृत्तपत्रांचा विषय झाली. फेब्रुवारी १९६९ ते मे १९७० या सव्वा वर्षात जी ओढाताण झाली तिच्यातून हा संघ घडला, आणि त्या ओढाताणीत दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले होते : कोणाला घ्यायचे हा एक, आणि घेतलेल्यांना मैदानावर कुठे उभे करायचे हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर सारा देश भांडला, पण विश्वचषकाचा निकाल मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने लावला.

या प्रकरणाची मुळे १९६६ सालच्या अपयशात आहेत. १९५८ आणि १९६२ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकलेला ब्राझिल इंग्लंडमध्ये तिसऱ्यांदा जिंकणार, अशी देशातील जवळजवळ सर्वांची खात्री होती, आणि या खात्रीनेच निवडीचा घात केला. १९५८ चा विजयी प्रशिक्षक व्हिसेंते फेओला याला पुन्हा पाचारण करण्यात आले होते. त्याने आणि फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी मिळून चाळिसाहून अधिक खेळाडूंना सराव शिबिराला बोलावले, त्यांचे चार संघ पाडले आणि ते गावोगाव खेळवले. प्रत्येक मोठ्या क्लबचा आणि प्रत्येक प्रांताचा मान राखला जावा, हा त्यामागील हेतू होता. परिणाम असा झाला की, अखेरच्या बावीस खेळाडूंची यादी ठरेपर्यंत कोणतेही अकरा जण सलगपणे एकत्र खेळलेच नव्हते. गारिंचा, जिल्मार, जाल्मा सांतोस, बेलिनी असे उतरत्या काळातील जुने वीर यादीत होते, तसेच तोस्ताओ, जेर्सन, जाइर्झिन्यो असे पुढे नावारूपाला येणारे तरुणही होते. परंतु या दोन पिढ्यांना जोडणारी कल्पना कोणाजवळ नव्हती. बल्गेरियाविरुद्धचा पहिला सामना ब्राझिलने २-० असा जिंकला खरा, पण त्यात पेलेला इतके लाथाडले गेले की तो पुढचा सामना खेळू शकला नाही. हंगेरीने ३-१ असे हरवले. आणि पोर्तुगालविरुद्धच्या निर्णायक सामन्यासाठी फेओलाने एकदम नऊ खेळाडू बदलले. तोही सामना ३-१ असा गेला. त्या काळी सामना सुरू झाल्यावर बदली खेळाडू उतरवण्याची मुभा विश्वचषकात नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे तीन सामन्यांत बावीसपैकी वीस खेळाडू वापरले गेले याचा अर्थ उमगतो : ब्राझिल तीन वेळा तीन निराळे संघ घेऊन मैदानात उतरला होता.

या गोंधळाला केवळ फेओलाला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल, कारण ब्राझिलमध्ये राष्ट्रीय संघाची निवड ही खेळाइतकीच प्रांतिक राजकारणाची बाब होती. रिओ द जानेरो आणि साओ पावलो या दोन शहरांतील चुरस जुनी होती. त्या काळी ज्याला सर्वाधिक प्रतिष्ठा होती ते विजेतेपद राष्ट्रीय नसून प्रांतिक असे, आणि प्रत्येक शहरातील वृत्तपत्रे आपापल्या क्लबांच्या खेळाडूंसाठी लेखण्या सरसावून बसलेली असत. शिवाय साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मिनास जेराइस प्रांतातील बेलो होरिझोन्ते या शहराने तिसरा दावेदार उभा केला होता. तेथील क्रुझेरो या क्लबने १९६६ साली पेलेच्या सांतोसला राष्ट्रीय चषकाच्या अंतिम लढतीत ६-२ अशी धूळ चारली, तेव्हापासून तोस्ताओ, पियाझा आणि दिर्सेउ लोपेस या क्रुझेरोच्या त्रयीकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य राहिले नाही. सर्व खेळांचा कारभार पाहणारे ब्राझिलियन क्रीडा महामंडळ रिओमध्ये होते आणि त्याचा अध्यक्ष होता जोआव हॅवेलांज, जो पुढे १९७४ साली फिफाचा अध्यक्ष झाला. १९६६ नंतरची अडीच वर्षे महामंडळाने चाचपडण्यात घालवली, आणि ४ फेब्रुवारी १९६९ रोजी हॅवेलांजने असे नाव जाहीर केले की सारेच चकित झाले.

जोआव साल्दान्या हा व्यवसायाने पत्रकार आणि रेडिओवरील समालोचक होता. जन्माने तो दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुल प्रांतातला, कर्माने रिओचा. १९५७ साली बोताफोगो या क्लबचा प्रशिक्षक म्हणून त्याने रिओचे प्रांतिक विजेतेपद मिळवले होते, तेवढाच त्याचा या क्षेत्रातील अनुभव. तो कम्युनिस्ट पक्षाचा जुना आणि उघड सदस्य होता, आणि डिसेंबर १९६८ मध्ये लष्करी राजवटीने काढलेल्या पाचव्या संस्थात्मक अधिनियमाने संसद बंद करून नागरी हक्क गुंडाळून ठेवल्याला दोन महिनेही उलटले नव्हते. अशा वेळी अशा माणसाची नेमणूक का झाली, याचे सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण हेच की, टीका करणाऱ्या वृत्तपत्रसृष्टीतीलच सर्वांत परखड माणूस पदावर बसवला तर टीकेची धार बोथट होईल, असा हॅवेलांजचा हिशेब होता. हा हिशेब अल्पकाळ बरोबर ठरला.

साल्दान्याने पहिल्याच पत्रकार परिषदेत, वृत्तप्रतिनिधींच्या समोर, आपले अकरा खेळाडू आणि अकरा राखीव खेळाडू जाहीर करून टाकले. १९६६ च्या चाळीस-बेचाळीस जणांच्या जत्रेनंतर ही कृती एखाद्या जाहीरनाम्यासारखी होती. स्पर्धेला पंधरा-सोळा महिने असताना संघ ठरला. ज्यांना त्यात जागा नव्हती त्यांना तसे कळले. ज्यांना होती त्यांना एकमेकांची सवय करून घ्यायला वेळ मिळाला. प्रांतिक वाटणीचे तत्त्व त्याने साफ झुगारले आणि त्याच्या जागी दुसरे तत्त्व आणले : जे खेळाडू आपापल्या क्लबात एकत्र खेळतात त्यांना राष्ट्रीय संघातही एकत्रच ठेवायचे. ऑगस्ट १९६९ मध्ये पात्रता फेरीत जो संघ उतरला त्यात गोलरक्षक फेलिक्सच्या पुढे कार्लोस आल्बेर्तो, जाल्मा दियास, जोएल आणि रिल्दो ही बचावाची अख्खी फळी सांतोसची होती. आघाडीला पेले आणि डावीकडे एदू हेही सांतोसचेच. मधल्या फळीत क्रुझेरोचा पियाझा आणि पूर्वीचा बोताफोगोचा जेर्सन, उजवीकडे बोताफोगोचा जाइर्झिन्यो, आणि पेलेच्या जोडीला क्रुझेरोचा तोस्ताओ. अकरांपैकी सहा जण एकाच क्लबचे. रचना चार-दोन-चार अशी होती, म्हणजे चार बचावपटू, मधल्या फळीत केवळ दोन आणि आघाडीला चार; ब्राझिलने १९५८ साली याच रचनेने जग जिंकले होते.

पात्रता फेरीतील यश निर्विवाद होते. कोलंबिया, व्हेनेझुएला आणि पराग्वे यांच्याविरुद्धचे सहाच्या सहा सामने ब्राझिलने जिंकले, तेवीस गोल केले आणि फक्त दोन स्वीकारले. तोस्ताओने एकट्याने दहा गोल केले. ३१ ऑगस्ट रोजी रिओच्या माराकाना मैदानावर पराग्वेविरुद्धचा शेवटचा सामना पाहण्यासाठी १,८३,३४१ प्रेक्षक तिकीट काढून आले होते, आणि पेलेच्या एकमेव गोलाने ब्राझिल मेक्सिकोला जाण्यास पात्र ठरला. साल्दान्याची लोकप्रियता त्या दिवशी शिगेला पोहोचली. निवडीचा प्रश्न सुटला, असे वाटण्याजोगी परिस्थिती होती.

तो सुटला नव्हता, याची पहिली खूण तिसऱ्याच दिवशी मिळाली. ३ सप्टेंबर रोजी बेलो होरिझोन्ते येथे राष्ट्रीय संघाचा सामना क्रुझेरोच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याशी, अॅत्लेतिको मिनेरो या क्लबशी झाला आणि तो ब्राझिलने १-२ असा गमावला. अॅत्लेतिकोचा विजयी गोल दारिओ नावाच्या सेंटर फॉरवर्डने केला. दारिओच्या खेळात नजाकत नव्हती, पायात चेंडू खेळवण्याचे कसब नव्हते, पण तो उंच उडी घेऊन डोक्याने गोल करी आणि गोल करण्याचा त्याचा सपाटा मोठा होता. दुसरी खूण अधिक गंभीर होती. २४ सप्टेंबरच्या रात्री साओ पावलोच्या पाकाएम्बू मैदानावर कोरिंथियन्स आणि क्रुझेरो यांचा सामना चालू असताना, दितांव या बचावपटूने गोलपासून दूर धाडण्यासाठी जोराने मारलेला चेंडू जवळच असलेल्या तोस्ताओच्या डाव्या डोळ्यावर आदळला. डोळ्याच्या मागील बाजूस असलेला जो पातळ पडदा प्रकाश टिपतो तो दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे तेथेच काम करणाऱ्या एका ब्राझिलियन नेत्रतज्ज्ञाने शस्त्रक्रिया केली, आणि त्यानंतर कित्येक महिने तोस्ताओ पुन्हा खेळेल की नाही याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. वय बावीस, दहा गोलांचा धनी, आणि अंधाऱ्या खोलीत स्थिर पडून राहण्याची सक्ती.

याच सुमारास देशाचे राजकारणही बदलले. राष्ट्राध्यक्ष कोस्ता ए सिल्वा ऑगस्टमध्ये अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला आणि ३० ऑक्टोबर १९६९ रोजी जनरल एमिलिओ मेदिसी सत्तेवर आला. त्याची कारकीर्द ब्राझिलच्या लष्करी राजवटीतील सर्वांत दडपशाहीची म्हणून ओळखली जाते. हा मनुष्य फुटबॉलचा खरा षौकीन होता. कानाशी ट्रान्झिस्टर धरून मैदानात बसलेला त्याचा फोटो राजवटीने आवडीने छापून आणला. त्याला दारिओ आवडत असे आणि दारिओ राष्ट्रीय संघात हवा अशी त्याची इच्छा होती, हे वृत्तपत्रांतून सर्वश्रुत झाले. साल्दान्याने पुढे वारंवार सांगितलेल्या हकीकतीनुसार, त्याचे यावरील उत्तर असे होते की, राष्ट्राध्यक्षाचे मंत्री आपण निवडत नाही, तेव्हा आपली आघाडीची फळी राष्ट्राध्यक्षाने निवडू नये. हुकूमशाहीत राहणाऱ्या माणसाने असे जाहीरपणे म्हणावे, हे धैर्याचे होते यात शंका नाही, आणि साल्दान्याचे नाव आजही आदराने घेतले जाते ते मुख्यतः या वाक्यामुळे.

परंतु केवळ या वाक्यामुळे त्याचे पद गेले असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. पात्रता फेरीनंतर साल्दान्या युरोपचा दौरा करून आला आणि तेथील धसमुसळ्या, ताकदीच्या खेळाने तो अस्वस्थ झाला. ज्या माणसाने एका झटक्यात बावीस नावे जाहीर केली होती, तोच आता दर आठवड्याला नावे बदलू लागला. फेलिक्सला बाजूला सारून आदो आणि वीस वर्षांचा लेआव या गोलरक्षकांना आजमावण्यात आले. सांतोसची बचाव फळी मोडली गेली. ४ मार्च १९७० रोजी पोर्तो आलेग्रे येथे अर्जेंटिनाने ब्राझिलला २-० असे हरवले, आणि हा तोच अर्जेंटिना होता ज्याला पेरूने पात्रता फेरीतच घरी बसवले होते. चार दिवसांनी माराकानावर ब्राझिलने परतफेड केली खरी, पण २-१ अशी निसटती. फ्लामेंगोचा प्रशिक्षक युस्त्रिच याने केलेल्या टीकेने संतापलेला साल्दान्या पिस्तूल घेऊन त्या क्लबच्या मुक्कामी जाऊन थडकला. युस्त्रिच तेथे नव्हता, एवढेच सुदैव. त्यानंतर बांगू या रिओच्या लहान क्लबशी राष्ट्रीय संघाने १-१ अशी बरोबरी केली, आणि पेलेला दूरचे नीट दिसत नाही, त्याला वगळण्याचा विचार करावा लागेल, असे साल्दान्याच्या तोंडून निघाले. चार महिन्यांपूर्वी, १९ नोव्हेंबर १९६९ रोजी, ज्याच्या हजाराव्या गोलाचा उत्सव सगळ्या देशाने केला होता त्याच्याविषयी हे विधान होते. १७ मार्च रोजी महामंडळाने तांत्रिक समिती विसर्जित केल्याचे साल्दान्याला कळवले. त्यावर, विरघळून जायला आपण काही आइस्क्रीम नव्हे, असे तो म्हणाल्याचे नमूद आहे. राजवटीची नाराजी, महामंडळाची भीती आणि साल्दान्याचा स्वतःवरील सुटत चाललेला ताबा या तिन्ही गोष्टी त्या दिवशी एका निर्णयात मिळाल्या, आणि त्यांपैकी कोणतीही एक वजा केली तर तो निर्णय त्या दिवशी झाला असता असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मारिओ झागालो याच्याकडे सूत्रे आली. वय अडतीस, बोताफोगोचा प्रशिक्षक, १९५८ आणि १९६२ या दोन्ही विश्वविजयी संघांतील लेफ्ट विंगर. त्याने पुढे जे केले त्याची किल्ली खेळाडू म्हणून त्याच्या या कारकिर्दीत आहे, आणि ब्राझिलबाहेर लिहिल्या गेलेल्या वर्णनांत तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर तो पोहोचवणारा आघाडीचा खेळाडू. १९५८ साली सांतोसचा पेपे, ज्याच्या डाव्या पायाच्या फटक्याची दहशत होती, तो दुखापतीने मागे पडला आणि झागालोला जागा मिळाली. ती त्याने राखली ती फटक्यांच्या जोरावर नव्हे, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की धावत मागे येऊन मधल्या फळीत तिसरा माणूस म्हणून उभे राहण्याच्या सवयीमुळे. ब्राझिली प्रेक्षक त्याला कौतुकाने मुंगी म्हणत. कागदावर चार-दोन-चार असलेली रचना त्याच्या धावपळीमुळे मैदानावर चार-तीन-तीन होई, आणि स्वीडन व चिलीतील दोन्ही विजयांत या एका जादा माणसाचा वाटा मोठा होता. साल्दान्याचा संघ पाहताना झागालोला नेमकी हीच उणीव दिसली असणार : मधल्या फळीत फक्त पियाझा आणि जेर्सन, आणि डावीकडे एदू, जो उत्तम विंगर होता पण मागे वळून पाहणारा नव्हता.

डावीकडील जागेसाठी झागालोच्या स्वतःच्या क्लबातला पावलो सेझार हा तयार उमेदवार होता. मागे येऊन खेळण्याची बोताफोगोत त्याला सवय होती आणि प्रशिक्षकाचा त्याच्यावर लोभही होता. साओ पावलोचे प्रेक्षक मात्र कोरिंथियन्सच्या रिव्हेलिनोसाठी हटून बसले होते. रिव्हेलिनो हा विंगर नव्हताच. क्लबात तो दहा क्रमांकाचा अंगरखा घाली, म्हणजे आघाडीच्या किंचित मागे राहून खेळाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूची ती जागा होती, आणि राष्ट्रीय संघात ती जागा अर्थातच पेलेची. तोस्ताओही मुळात त्याच धाटणीचा; जाइर्झिन्यो क्लबात मधूनच खेळे; जेर्सनही खेळ रचणाराच. एकाच गुणाचे चार-पाच खेळाडू असणे हे निवडीचे भाग्य वाटते, प्रत्यक्षात तो मोठा पेच असतो, कारण त्यांतल्या एकाला खेळवायचे तर दुसऱ्याला बसवावे लागते, आणि बसवलेल्याचा प्रांत खवळतो. झागालोने आधी नेहमीचा मार्ग चोखाळून पाहिला. २६ एप्रिल रोजी साओ पावलोत बल्गेरियाविरुद्ध त्याने पेलेला राखीव ठेवले; पेले तेरा क्रमांकाचा अंगरखा घालून दुसऱ्या डावात उतरला, आणि सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. प्रेक्षकांनी संघाची हुर्यो उडवली. तीनच दिवसांनी माराकानावर ऑस्ट्रियाविरुद्ध रिव्हेलिनो संघात आला आणि त्याच्याच गोलाने ब्राझिल १-० असा जिंकला. गोल एकच झाला, पण मेक्सिकोतील संघाचा आकार त्या सामन्यात दिसू लागला होता.

रिव्हेलिनोला डावीकडे नाव विंगरचे आणि काम मधल्या फळीचे मिळाले. झागालोने आपलीच जुनी जागा त्याला दिली, फक्त पायात कितीतरी अधिक ताकद असलेल्या माणसाला दिली, आणि स्वतःच्या क्लबचा पावलो सेझार राखीव ठेवला. तोस्ताओचा प्रश्न याहून नाजूक होता. डोळ्याचे भय होतेच. मेक्सिकोला प्रयाण करण्यापूर्वी त्याला पुन्हा ह्यूस्टनला जाऊन तपासणी करून घ्यावी लागली. शिवाय तो पेलेचा पर्याय आहे, जोडीदार नव्हे, असे झागालोचे सुरुवातीचे मत होते. सेंटर फॉरवर्डच्या जागी त्याला बोताफोगोचा रोबेर्तो किंवा दारिओ यांच्यासारखा धिप्पाड खेळाडू अभिप्रेत होता. तोस्ताओने नंतर सांगितले आहे की, क्रुझेरोत एव्हाल्दो नावाचा सेंटर फॉरवर्ड आपल्यासाठी जे करतो तेच आपण येथे पेलेसाठी करू, असे त्याने प्रशिक्षकाला सुचवले. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे पाठ करून उभे राहायचे, बचावपटूला अंगाशी घ्यायचे, आलेला चेंडू एका स्पर्शात पेलेकडे किंवा जाइर्झिन्योकडे वळवायचा, आणि स्वतः गोल करण्याची हाव धरायची नाही. पात्रता फेरीत दहा गोल करणाऱ्याने असा प्रस्ताव द्यावा, ही या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उदार गोष्ट होय.

सर्वांत धाडसी निर्णय मात्र बचाव फळीत झाला, आणि त्यावर त्या मानाने फारच थोडी शाई खर्च झाली. पियाझा हा क्रुझेरोचा कर्णधार, मधल्या फळीत बचावाच्या पुढे राहून प्रतिस्पर्ध्याचे हल्ले मोडणारा; झागालोने त्याला मागे खेचून ब्रितोच्या जोडीला सेंटर बॅक केले. मागच्या फळीतूनच स्वच्छ पास निघावा आणि हल्ल्याची सुरुवात तेथूनच व्हावी, हा त्यामागचा विचार. मधल्या फळीत मोकळ्या झालेल्या जागेवर सांतोसचा क्लोदोआल्दो आला, जो अवघा वीस वर्षांचा होता. डावीकडील बचावपटूच्या जागी आरंभी फ्लुमिनेन्सचा मार्को आंतोनिओ हा तरुण ठरला होता, पण तो पुढे धावणारा. उजवीकडून कर्णधार कार्लोस आल्बेर्तो पुढे जाणारच होता, आणि दोन्ही दरवाजे एकाच वेळी उघडे टाकणे परवडण्याजोगे नव्हते. म्हणून ती जागा ग्रेमिओच्या एव्हेराल्दोला मिळाली, जो मागेच थांबे. दक्षिणेकडील या क्लबच्या ध्वजावर आजही एक सोनेरी तारा आहे, तो एव्हेराल्दोच्या सन्मानार्थ. गोलमध्ये बत्तीस वर्षांचा फेलिक्स परत आला.

ज्यांना वगळले गेले त्यांच्यापैकी दिर्सेउ लोपेसविषयी काही लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्रुझेरोत तोस्ताओच्या खांद्याला खांदा लावून खेळलेला हा खेळाडू साल्दान्याच्या योजनेत होता; ठेंगणा, चपळ, चेंडू पायाला चिकटल्यासारखा घेऊन धावणारा. त्याच्या धाटणीचे खेळाडू आधीच अधिक झाल्याने झागालोने त्याला यादीतून काढले, आणि त्याच यादीत त्याच शहरातील प्रतिस्पर्धी क्लबचा दारिओ आला. बेलो होरिझोन्तेच्या अर्ध्या लोकसंख्येने या घटनेचा अर्थ उघडपणे राजकीय लावला. खेळाच्या दृष्टीने पाहता, राखीव सेंटर फॉरवर्डची गरज संघाला होती आणि सहाव्या रचनाकाराची नव्हती, हे खरेच. तरीही दारिओ मेक्सिकोत एक मिनिटही खेळला नाही. राष्ट्राध्यक्षाची इच्छा यादीपुरती पूर्ण झाली, मैदानापुरती नाही. झागालोने साल्दान्याप्रमाणे नकार दिला नाही आणि होकाराला पूर्ण किंमतही दिली नाही. दिर्सेउ लोपेसला विश्वचषक कधीच खेळायला मिळाला नाही.

१९७० च्या स्पर्धेत प्रथमच सामन्यात दोन बदली खेळाडू उतरवण्याची परवानगी मिळाली होती, आणि मेक्सिकोची उंची व भर दुपारचे सामने यांमुळे राखीव फळीचे महत्त्व वाढले होते. राजधानीचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे. विरळ हवेत धावणाऱ्याला दम लवकर लागतो आणि चेंडू अधिक वेगाने जातो. ब्राझिलचा संघ मे महिन्याच्या सुरुवातीसच मेक्सिकोत दाखल झाला आणि ग्वानाख्वातो या उंचावरील गावात त्याने सराव केला. शारीरिक तयारीचे काम आदमिल्दो शिरोल, कार्लोस आल्बेर्तो पारेरा आणि लष्करातील कप्तान क्लाउदिओ कौतिन्यो यांच्याकडे होते. कौतिन्योने अमेरिकन वैद्य केनेथ कूपरची चाचणी, म्हणजे बारा मिनिटांत खेळाडू किती अंतर धावतो यावरून त्याची क्षमता मोजण्याची पद्धत, संघाला लावली. राजवटीचा या पथकावर डोळा होता, पथकाचा प्रमुखही हवाई दलाचा ब्रिगेडियर होता, आणि लष्करी शिस्तीचा हा भाग संघाच्या कामी आला हे नाकारता येत नाही. शेवटचा बदल मेक्सिकोतच झाला : बोताफोगोचा राइट विंगर रोजेरिओ दुखापतीमुळे बाद झाला आणि त्याच्या जागी झागालोने दुसरा विंगर न मागवता तिसरा गोलरक्षक म्हणून लेआवला बोलावले. उजवी बाजू त्यामुळे पूर्णपणे जाइर्झिन्योवर सोपवली गेली, आणि त्याने सहाही सामन्यांत गोल केले.

स्पर्धेची हकीकत सर्वज्ञात आहे : चेकोस्लोव्हाकियावर ४-१, इंग्लंडवर १-०, रुमानियावर ३-२, पेरूवर ४-२, उरुग्वेवर ३-१, आणि २१ जून रोजी अंतिम सामन्यात इटलीवर ४-१. निवडीच्या दृष्टीने यांतील रुमानियाविरुद्धचा सामना विशेष पाहण्याजोगा आहे. जेर्सन आणि रिव्हेलिनो दोघेही त्या दिवशी खेळू शकले नाहीत, तेव्हा पियाझाला त्याच्या मूळ जागी मधल्या फळीत पुढे नेण्यात आले, मागे फोंताना आला आणि डावीकडे पावलो सेझार. सामना जिंकला, पण गोल दोन स्वीकारावे लागले, आणि मागून निघणारा तो स्वच्छ पास त्या दिवशी दिसला नाही. अंतिम सामन्यातील चौथ्या गोलात झागालोच्या मूळ रचनेचा पूर्ण विस्तार पाहायला मिळतो. क्लोदोआल्दोने आपल्याच अर्ध्या भागात चार इटालियनांना हुलकावणी देऊन चेंडू डावीकडे रिव्हेलिनोला दिला. रिव्हेलिनोने तो कडेने पुढे धाडला, जेथे उजवीकडचा जाइर्झिन्यो आपल्यामागे बचावपटू फाकेत्तीला ओढत डावीकडे आलेला होता. जाइर्झिन्योकडून चेंडू पेलेकडे आला आणि पेलेने मान न वळवता तो उजवीकडच्या मोकळ्या पट्ट्यात सरकवला, कारण त्या पट्ट्यातून कार्लोस आल्बेर्तो येणार हे त्याला ठाऊक होते.

हा संघ साल्दान्याचा की झागालोचा, हा वाद ब्राझिलमध्ये अजून चालतो. पात्रता फेरीतील अकरा आणि अंतिम सामन्यातील अकरा शेजारी मांडले तर सात नावे समान दिसतात : फेलिक्स, कार्लोस आल्बेर्तो, पियाझा, जेर्सन, जाइर्झिन्यो, तोस्ताओ, पेले. जाल्मा दियास, जोएल, रिल्दो आणि एदू यांच्या जागी ब्रितो, क्लोदोआल्दो, एव्हेराल्दो आणि रिव्हेलिनो आले, आणि राहिलेल्या सातांपैकी पियाझाची जागा व तोस्ताओचे काम बदलले. पेले आणि तोस्ताओ एकत्र खेळू शकतात, हे साल्दान्याने सर्वांआधी ओळखले आणि सहा सामन्यांत सिद्ध केले, हे श्रेय त्याच्याकडून काढून घेता येणार नाही. फेब्रुवारी १९६९ मधील त्याच्या त्या जाहीर यादीवाचून १९६६ ची जत्रा पुन्हा भरली असती. पण त्याच चार-दोन-चार रचनेने जेर्सनला मधल्या फळीत एकाकी ठेवून मेक्सिकोच्या दुपारच्या उन्हात युरोपीय संघांशी खेळणे कितपत निभावले असते, याचे उत्तर पोर्तो आलेग्रेतील पराभवाने काही अंशी देऊन ठेवले होते.

साल्दान्या पुन्हा पत्रकारितेत गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. १९९० च्या विश्वचषकाचे वार्तांकन करण्यासाठी गेला असताना रोममध्ये त्याचा मृत्यू झाला. झागालो हा खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारा पहिला माणूस ठरला आणि १९७४ साठीही त्याच्याकडेच संघ राहिला. या खेपेस त्याच्या अधिकाराला आव्हान देणारे कोणी नव्हते, परंतु पेले राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता, डोळ्याच्या दुखण्यामुळे तोस्ताओने सव्विसाव्या वर्षी खेळ सोडला होता, जेर्सनही नव्हता, आणि क्लोदोआल्दो स्पर्धेच्या तोंडावर दुखापतीने गळाला. रिव्हेलिनोला अखेर दहा क्रमांकाची जागा मिळाली. जर्मनीत नेदरलँड्सने ब्राझिलला २-० असे हरवले, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पोलंडने १-० असे, आणि ब्राझिल चौथ्या क्रमांकावर राहिला.